केसभरही फट नसलेलं दार

आमच्या लग्नाला तेहतीस वर्षं झाली. त्यातली शेवटची दहा वर्षं आम्ही नवरा-बायको मिळून कुठेही मुक्कामाला गेलेलो नव्हतो. भांडण वगैरे काही नाही. म्हणजे भांडण आहेच, ते रोजचं, पण कारण ते नाही. कारण कुत्रे.

दोन आहेत. त्यांची नावं सांगत नाही, घरात तरी कोण नावाने हाक मारतं. एक थोरला आणि एक धाकटी. थोरला यांना नाशिकच्या अंबडला कंपनीच्या गेटबाहेर गटाराच्या कडेला सापडला, एवढासा, डोळे चिकटलेले. हे त्याला डब्याच्या पिशवीत घालून घरी घेऊन आले आणि मला म्हणाले, "चार दिवस ठेवू." त्या चार दिवसांना यंदा अकरा वर्षं झाली. धाकटी लांब कानांची, केसाळ, जातिवंत. कुणीतरी हौसेनं विकत घेतली असणार आणि हौस फिटल्यावर सोडून दिली असणार. ती थोरल्याच्या मागे मागे आमच्या फाटकातून आत आली आणि सरळ माझ्या पायपुसण्यावर झोपली.

धाकटी कुणाकडेही राहते. थोरला राहत नाही. एकदा शेजारी किल्ली देऊन आम्ही दोघं एका लग्नाला गेलो, तर दोन दिवस त्याने पाण्याला तोंड लावलं नाही, फाटकाशी बसून राहिला. कुत्री सांभाळणाऱ्या एका बाईंकडे ठेवला, तर त्यांचा त्याच संध्याकाळी फोन. "घेऊन जा हो, हा रडतो ते रडतो, बाकीच्यांनाही रडवतोय." त्यानंतर नियमच झाला. एकाने जायचं, एकाने घरी थांबायचं. लग्नाला मी, दहाव्याला हे. बारशाला मी, साखरपुड्याला हे. माझी आई मनमाडला चार महिने अंथरुणावर होती, तेव्हाही मी एकटीच जात-येत होते. त्याबद्दल मी कधी काही बोलले नाही. बोलले नाही म्हणजे विसरले, असं मात्र कुणी समजू नये.

हे टूलरूममध्ये होते. सबंध आयुष्य यांनी पत्रा कापायचे डाय आणि पंच घासले. केसाच्या दहाव्या भागाएवढा फरक पडला तर नोकरी जाईल अशा थाटात यांचं काम चालायचं. ते घरीही तसंच. भिंतीवर तसबीर लावायची तर स्पिरिट लेव्हल. निवृत्त झाले आणि आता जरा शांतता मिळेल असं मला वाटत होतं, तर एक दिवस शाळेच्या मुलांची ने-आण करणारी जुनी मिनीबस घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर येऊन उभी राहिली. पिवळी, टपाला गंज, आतून शेंगदाण्याच्या चिक्कीचा वास. म्हणे, हिचं घर बनवायचं.

दोन वर्षं लागली. दोन वर्षं मी ग्राइंडरचा आवाज ऐकला. माझ्या वाळत घातलेल्या कुरडयांवर लोखंडाचा भुगा उडाला. एक शब्द बोलायची सोय नाही, बोललं की "होत आलं." झाली मात्र देखणी, खोटं कशाला बोला. आत ओटा, गॅस, पाण्याची टाकी, उघडला की दोन माणसांचा होणारा दिवाण, खाली कुत्र्यांच्या दोन गाद्या. ड्रायव्हरला कुत्र्यांचा त्रास नको म्हणून मध्ये पक्की भिंत आणि तिला वीतभर सरकती काच. ओटा बसवायचा म्हणून मागचं दार वेल्डिंग करून कायमचं बंद. वणी-त्र्यंबककडची माकडं घुसतात म्हणून खिडक्यांना घराला असतात तसे गज. आणि यांचा सगळ्यात मोठा अभिमान म्हणजे बाजूचं दार. जुन्या सागाच्या फळ्यांचं, हातानं केलेलं. सुताराने सांगितलं होतं, दोन सूत, पाव इंच तरी जागा सोडा, पावसाळा आहे. यांनी त्यालाच शिकवलं. दार लावून माझ्यासमोर वर्तमानपत्राचा कागद फटीत घालून दाखवला. कागद आत जाईना. "बघ," म्हणाले, "केसभर फट नाही."

मी म्हटलं, "फारच छान. आता ही विका."

मग बोलाचाली झाली, दोन दिवस अबोला झाला, आणि शेवटी तह झाला. एक शनिवार-रविवार गाडी घेऊन जायचं, कुत्र्यांसकट. मला आवडलं तर ठेवायची, नाही आवडलं तर विकायची, पुन्हा विषय नाही. अट एकच, रविवारी संध्याकाळपर्यंत मी निकाल द्यायचा नाही. मी कबूल केलं. मी हो म्हणाले तेव्हा यांचा चेहरा दहावीच्या निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखा झाला होता, ते मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. माझा निकाल मनात केव्हाच लागला होता. विकायची.

आधीच हौस, त्यात पडला पाऊस. ऑगस्टातला तो शनिवार असा उगवला की समोरचं घर दिसेना. मला वाटलं, सुटले. पण हे सहाला उठून अंघोळ करून तयार, आणि दोन्ही कुत्रे गाडीच्या दाराशी शेपट्या आपटत उभे. यांच्याबरोबर टूलरूमला असलेले एक जण मुदतीआधीच नोकरी सोडून वणीजवळ शेती बघतात. त्यांच्या मळ्यात, टोमॅटोच्या वावराच्या कडेला मुरूम टाकलेली जागा होती, तिथे मुक्काम ठरला होता. वणीच्या अलीकडे डोंगर ढगात गेलेला. रस्त्याला दुतर्फा पाणी. मी मागे बसून एका हाताने धाकटीला आणि एका हाताने फोडणीचा डबा धरून गेले.

पोहोचल्या पोहोचल्या दोघं चिखलात लोळून आले आणि माझ्या धुतलेल्या चादरीवर उभे राहून अंग झटकलं. ओल्या कुत्र्याचा वास काय असतो ते ज्याने बंद गाडीत घेतला त्यालाच कळेल. मी मनातल्या मनात एक एक मुद्दा जमवत होते. वास, एक. चिखल, दोन. डोक्यावर पावसाचा ताडताड आवाज, तीन. छताला मात्र एक थेंब गळत नव्हता. मी दोनदा हात लावून पाहिलं. गळत नाही याचा मला जरा रागच आला.

संध्याकाळी मी कांदाभजी काढली. चार माणसांना आठ दिवस पुरेल एवढं सामान मी आणलं होतं, माझी ती सवयच आहे. शेतकरीदादा आणि त्यांची बायको गाडी बघायला आले. भर पावसात, गुडघाभर चिखल, आणि गाडीत पाय टाकण्याआधी त्या बाईंनी चपला बाहेर काढल्या, पाय धुतले, उंबरा नव्हता तरी वाकून हात लावून मग आत आल्या. ओटा बघितला, दिवाण बघितला, थोरल्याच्या डोक्यावरून हात फिरवला. भजी खाल्ली. निघताना उभ्या राहिल्या, आणि माझ्या लक्षात आलं की त्या कुंकवासाठी थांबल्यात. माझ्याकडे मिरपूड होती, जायफळ होतं, कुत्र्यांची जंताची गोळी होती, पण कुंकू नव्हतं. माझ्या घरातून सवाष्ण कपाळ रिकामं घेऊन गेली याचं मला एवढं वाईट वाटलं की मी यांना म्हटलं, "इथे एक कुंकवाचा करंडा ठेवायला हवा." आणि मी जीभ चावली.

रविवारी सकाळी सहाला हे दूध आणायला बाहेर पडले. पाऊस रात्रभर थांबलेला नव्हता. बाहेर कोंबड्या दिसल्यावर धाकटी दाराकडे धावली, म्हणून मी आतून दार जोरात ओढून घेतलं. धप्पकन बसलं. दहा मिनिटांनी हे आले, बाहेरून ओढलं. दार हललं नाही. मी आतून ढकललं. हललं नाही. यांनी पाय लावून ओढलं तर हँडल यांच्या हातात आलं, आणि हे पाठीवर चिखलात.

शेतकरीदादा आले. त्यांनी दारावर तळहात ठेवला, वरून खालपर्यंत फिरवला आणि यांच्याकडे बघून म्हणाले, "आरं, लाकूड हाय ते, लोखंड नाय. रातभर पाणी प्यालंय. फुगनार नाय तर काय?"

मी आतून म्हटलं, "दादा, यांना विचारा, आता कागद जातो का फटीत."

मागचं दार वेल्डिंग केलेलं. ड्रायव्हरकडे पक्की भिंत. खिडकीला गज. एवढं सगळं एका माणसाने स्वतःच्या हातानं, मोजूनमापून केलेलं, आणि आत बायको आणि दोन कुत्रे. शेतकरीवहिनींनी गजातून पेल्याने चहा आत दिला, भाकरी गुंडाळी करून दिली. बांधावरच्या आंब्यावर सात-आठ माकडं येऊन बसली आणि पावसात भिजत माझ्याकडे बघत राहिली. त्यांनी असा प्रकार आधी कधी बघितला नसावा. मी तोवर हसत होते, खरंच हसत होते. मुद्दे जमवायचीसुद्धा गरज उरली नव्हती, हा एकच पुरे होता.

शेतकरीदादांनी पहार आणली. हे आडवे आले. "पहार नको. चौकट फाटेल. सुतार बोलावू, तो खालची पट्टी काढेल, दाराला ओरखडा न पडता निघेल." दादांनी गावातल्या सुताराला फोन लावला. तो पाहुण्यांना घेऊन गडावर गेलेला, म्हणाला दुपारी दोनपर्यंत येतो. हे छत्री घेऊन माझ्या खिडकीखाली पालथ्या बादलीवर बसले. दादांनी पुष्कळ सांगितलं, घरात येऊन बस, तर नाही.

साडेनऊपर्यंत ठीक चाललं. मग थोरला उठला आणि दाराशी जाऊन उभा राहिला.

तो रात्रीपासून बाहेर गेलेला नव्हता. आता त्याचं वय झालंय, पण अकरा वर्षांत त्याने घरात कधी एक थेंब सांडलेला नाही, आजारी असतानाही नाही. मी जुनी साडी अंथरली, वर वर्तमानपत्र घातलं, त्याला म्हटलं, "कर रे बाबा, कुणी काही म्हणत नाही." त्याने तोंड फिरवलं. दाराला नाक लावून उभा राहिला. थोड्या वेळाने त्याचे मागचे पाय थरथरायला लागले आणि तो बारीक आवाजात कण्हायला लागला. धाकटी त्याचं तोंड चाटायला लागली.

मी खिडकीशी गेले. "पहार घ्या."

"दोनपर्यंत येतोय ना सुतार."

"हा दोनपर्यंत थांबणार नाही. फोडा ते दार."

"अगं, सागाचं आहे. पुन्हा असं जमायचं नाही. जरासं धीरानं..."

त्या 'धीरानं' शब्दावर माझं टाळकं सरकलं. अडीच वर्षं जे गिळून ठेवलं होतं ते त्या गजांमधून बाहेर पडलं. मी म्हटलं, "आईच्या वेळीसुद्धा तुम्ही असंच मला धीरानं घे म्हणाला होतात. चार महिने मी एकटी मनमाडला जात होते. आई दर वेळी दाराकडे बघायची आणि विचारायची, जावईबापू नाही आले? मी सांगायचे, त्यांना सुट्टी नाही. तुम्ही निवृत्त झाला होतात, आणि तिला ते माहीत होतं. पाचव्या-सहाव्या वेळी तिने विचारायचं सोडून दिलं. तुम्ही आलात ते ती गेल्यावर, आणि सहाच्या गाडीने परत गेलात. मला त्या रात्री तिथे तुम्ही हवे होतात."

शेतकरीदादा आणि वहिनी हळूच गोठ्याकडे सरकले.

हे बादलीवरून उठले होते. छत्री हातात तशीच, पण डोक्यावर नाही, पाऊस सरळ अंगावर. यांना बोलता येत नाही, तेहतीस वर्षांत मला हे माहीत झालंय. यांना मोजता येतं. हे गजांजवळ आले आणि म्हणाले, "मला दुसरं काय करता येतं? त्या सहाच्या गाडीत बसलो तेव्हा ठरवलं, पुन्हा तुला एकटीला पाठवायचं नाही. तेराव्यानंतर आठ दिवसांनी ही बस बघून आलो. म्हणूनच तर बांधली."

दोन वर्षं मी त्या ग्राइंडरला शिव्या घातल्या होत्या. मला वाटलं होतं म्हातारपणीचं खूळ आहे, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसलं. मी गज धरून उभी राहिले.

हे वळले, जाऊन पहार घेऊन आले. दादा मदतीला धावले तर यांनी हातानेच नको म्हटलं. "मागे सरक," मला म्हणाले, "त्यांना धर." मग पहिला घाव. आतून मला दिसत नव्हतं, पण फळी फाटल्याचा आवाज मी ऐकला, आणि मला स्वतःलाच कुठेतरी लागलं. चार घावांत कडीकडचा भाग निघाला, सहाव्याला दार बिजागरीवर लोंबकळलं. थोरला यांच्या पायांमधून बाहेर गेला, पहिलाच टोमॅटोचा खांब गाठला आणि पाय वर केला. तो जे करत राहिला ते संपेचना. शेतकरीदादा म्हणाले, "चला, आज या वळीला पाणी द्यायला नको." सगळे हसलो. हे फुटलेल्या फळीवर हात ठेवून उभे होते, तेही हसले, पण डोळे पुसत. पावसाचं पाणी होतं असं नंतर म्हणाले.

दुपारी जेवून निघालो. सुताराला फोन करून येऊ नको सांगितलं. मोडकं दार उतरवून आत ठेवलं आणि त्याच्या जागी दादांनी निळी ताडपत्री ताणून बांधून दिली. वहिनींनी टोमॅटोची पाटी दिली आणि वरती, हळदी-कुंकवाची एक जुनी डबी. "र्‍हाऊ द्या गाडीत," म्हणाल्या. मी मागे दोन्ही साखळ्या मनगटाला गुंडाळून बसले. ताडपत्री फडफडत होती, बाजूने तुषार येत होते, दोन्ही कुत्रे नाक बाहेर काढून वारा खात होते. हे पुढे एकटे. मधल्या काचेतून मला फक्त यांची मान दिसत होती. पिंपळगावच्या जवळ आल्यावर ती काच सरकली.

"संध्याकाळ झाली नाही अजून," हे म्हणाले, "पण सांगून टाक. मी काही बोलणार नाही. दारच असं निघालं तर मी तरी काय बोलू."

पुढे हायवे दिसत होता. उजवीकडे वळलं की नाशिक, डावीकडे चांदवड, आणि तिथून मनमाड.

"डावीकडे घ्या," मी म्हटलं.

"नाशिक उजवीकडे."

"मला तेहतीस वर्षं ठाऊक आहे नाशिक कुठे आहे ते. डावीकडे घ्या. माहेरी जायचंय मला, नवऱ्याबरोबर."

यांनी गाडी कडेला घेतली. मागून ट्रकवाले हॉर्न मारून गेले. मी म्हटलं, "आणि विकायचं नाव पुन्हा काढलंत तर बघा." मग इंडिकेटरची टिकटिक ऐकू आली, डावीकडची.

मनमाडला पोहोचलो तेव्हा पाऊस थांबून ऊन पडलं होतं. धाकटा भाऊ रेल्वेत आहे, नुकताच ड्युटीवरून आलेला, बनियनवर दार उघडायला आला. फाटकात ताडपत्रीचं दार असलेली पिवळी बस, त्यातून उतरलेली मी चिखलाने माखलेली, माझ्यामागे दोन कुत्रे आणि सगळ्यात मागे दाजी. तो बघतच राहिला. मग आत वळून बायकोला म्हणाला, "अगं, दाजी आलेत."

माझी भावजय भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि आमच्यावरून ओवाळला. तुकडा टाकायला बाजूला वळली, तर तो जमिनीवर पडायच्या आत धाकटीने झेलला. भावजय म्हणाली, "तुमची दृष्ट हिनेच खाल्ली, हिला काही होणार नाही ना?" हिला काही होत नाही, मी सांगितलं, हिने माझा चष्मासुद्धा खाल्लाय.

हे आत आले, पाय धुतले आणि कुणी न सांगता आईच्या फोटोपुढे जाऊन उभे राहिले. थोरल्याची साखळी हातातच होती. भाऊ म्हणाला, "द्या, मी धरतो," तर यांनी दिली नाही, तशीच मुठीत धरून हात जोडले. थोरला यांच्या पायाशी बसला आणि त्याने अंग पसरून डोळे मिटले. परक्या घरात तो असा कधी झोपत नाही. मी स्वयंपाकघरात गेले आणि पदर तोंडाला लावून रडून घेतलं. भावजयीने पाठीवरून हात फिरवला. तिला वाटलं, आईची आठवण आली. तीही आली होतीच.

चहा झाल्यावर भावाने बाहेर जाऊन दाराचा तो सांगाडा बघितला. म्हणाला, "दाजी, आपल्या ओळखीचा सुतार आहे, आत्ता बोलावतो. अंधार पडायच्या आत बसवून देईल, म्हणजे तुम्हाला निघता येईल. तुम्हाला परत जायची घाई असते."

यांनी बशीतला शेवटचा घोट घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "कसली घाई? लाकूड पूर्ण वाळू दे आधी. त्याला आठ-पंधरा दिवस लागतील."